पिवळी खूण

बारकी नावाचीच बारकी. पाच भावंडांत शेवटची म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव चाळिशी आली तरी सुटलं नाही, आणि दरम्यान बाई अशी भरली की बस डेपोच्या वर्कशॉपच्या दारात ती उभी राहिली की आत दिवा लावावा लागे. असं तिचा थोरला भाऊच म्हणायचा, आणि त्याला म्हणायची मुभा होती, कारण तिच्या हातात पहिला पाना त्यानंच दिला होता. दादा फिटर, बारकी तपासनीस. त्यानं काम करायचं, तिनं ते तपासायचं. बारा वर्षं ही जोडी चालली होती आणि त्यांच्या हाताखालून गेलेली एक गाडी कधी रस्त्यात अडली नव्हती.

त्या डेपोत एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही. ब्रेकच्या पाइपाचं काम करताना फिटर शेवटचा नट पुरता आवळत नसे. बोटांनी बसेल तेवढा बसवायचा आणि सोडून द्यायचा. मग तपासनिसानं वाकायचं, गाडीखाली शिरायचं, पाना लावायचा आणि शेवटचा पीळ स्वतः द्यायचा. तो दिला की नटावर ब्रशनं पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. शेवटचा पीळ दुसऱ्याचा, असं तिथले जुने लोक म्हणत. यामागची अक्कल अशी, की तपासणारा माणूस लांबूनच बघतो आणि मान हलवतो. त्याला वाकायलाच लागलं पाहिजे. ज्या कुणा जुन्या फोरमननं ही रीत घातली त्याला माणसाचा आळस चांगला ठाऊक होता. घाई मात्र त्याच्या ध्यानात आली नसावी.

आता या डेपोतल्या बायकांचा सॉफ्टबॉलचा संघ होता. दहा जणी. नऊ खेळायला आणि दहावी बाकावर. वर्कशॉपची मुख्य फोरमनबाई ही कप्तान आणि पिचर. काटकुळी, पण चेंडू असा फेकायची की समोरची बॅट फिरवायच्या आधी डोळे मिटून घ्यायची. बारकी कॅचर, कारण तिच्या मागे चेंडू जायला वाटच उरत नसे. दादाची मुलगी चिमणी नुकतीच कंडक्टर म्हणून लागलेली, वीस वर्षांची, पळायला वारा. आणि बाकावरची ती तिकीट खिडकीतली बाई, तिला सगळ्या खिडकीच म्हणत. तिचं म्हणणं असं, की संघाला एक खाणारी लागतेच, ते काम ती करते. बाकीच्या सहा जणी आपापल्या जागी चोख होत्या आणि तोंडानंही कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या.

आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना बाहेरगावच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. गाव डोंगरावर, तीन तासांच्या वाटेवर. डेपोनं एक जुनी छोटी बस दिली. आदल्या दिवशी दादानं तिचे चारही चाकांचे ब्रेकचे पाइप नवे घातले आणि गाडीही तोच चालवणार होता. लेक आणि बहीण दोघी खेळणार म्हटल्यावर तो दुसऱ्या कुणाच्या हातात चाक देतोय होय.

त्या संध्याकाळी बारकी गाडीखाली होती. पुढची दोन चाकं झाली, मागचं उजवं झालं. डाव्याकडे सरकली तेव्हा अंगणातून फोरमनबाईची हाक आली, "बारके, उजेड चाललाय, शेवटचा सराव आहे, येतेस का मी भिंतीला चेंडू मारू?" बारकीच्या एका हातात ब्रश होता आणि डबीतल्या रंगावर साय धरायला लागली होती. आता रंग लावून टाकावा, नाहीतर डबी वाया जाईल. पीळ काय, आल्यावर देऊ. असा विचार करून तिनं रेघ ओढली, पाना तिथेच जमिनीवर ठेवला आणि गेली. सराव झकास झाला. चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळल्या, हसून हसून पोटं दुखली, मग नळावर हात धुतले आणि बारकी थेट घरी गेली.

सकाळी सहाला बस निघाली. बॅटी, ग्लोव्ह, पाण्याचे दोन पिंप, खिडकीची खाण्याची पिशवी, असं सामान झालं की पाय ठेवायला जागा राहिली नाही. दादा म्हणाला, "हत्यारांची पेटी वर टाकू का?" त्यावर बारकीच म्हणाली, "राहू दे इथंच. माझी खूण असताना पेटी कशाला?" सगळ्या हसल्या. दादाही हसला आणि पेटी वर्कशॉपच्या पायरीवर राहिली.

पहिला तासभर गाणी झाली, उखाळ्यापाखाळ्या झाल्या, उकडलेली अंडी फिरली. मग डोंगर समोर दिसायला लागला तशी खिडकी पुढे सरकून म्हणाली, "दादा, हा खटारा चढेल ना?"

"चढेल," दादा म्हणाला. "आणि उतरेलही. चारही चाकांवर बारकीची खूण आहे. सकाळी हातात बॅटरी घेऊन बघितली मी."

बारकी हसायला गेली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिला पुढचं डावं आठवलं, पुढचं उजवं आठवलं. मागच्या उजव्याला पाना जरा सटकला होता, मनगटाला खरचटलं होतं. ते खरचटलेलं समोर होतं. मागचं डावं काही केल्या आठवेना. ब्रश आठवला. साय आठवली. जमिनीवर ठेवलेला पाना आठवला. परत येऊन तो उचलल्याचं आठवेना, आणि आठवणार कसं, उचललाच नव्हता. मागच्या डाव्या चाकाचा नट दादानं बोटांनी बसवलेला तसाच होता, वर तिची पिवळी रेघ घेऊन, आणि त्या रेघेच्या भरवशावर दहा बायका आणि एक भाऊ डोंगर चढत होते.

सांगायचं होतं. यात काही दुमत नाही, तिलाही नव्हतं. तिनं तोंड उघडलं सुद्धा. पण नेमकी तेव्हाच शेजारी बसलेली फोरमनबाई तिच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "तुला सांगायचंच होतं. मी पुढच्या महिन्यात मोठ्या डेपोत चालले. माझ्या जागेसाठी सोमवारी तुझं नाव वर पाठवणार आहे. मला विचारलं, कोण? मी म्हटलं, जिच्या खुणेकडे दुसऱ्यांदा बघावं लागत नाही ती."

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी ओरडली, "आत्या फोरमन झाली की मला रविवारची सुट्टी." दादा आरशातून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बारकीला ते बघवेना.

"दादा," ती म्हणाली.

"बोल."

"जरा हळू चालव."

"चढणीवर याहून हळू म्हणजे मागे जाऊ," दादा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

खरं म्हणजे चढणीवर ब्रेकला फारसं कामच नसतं. गाडी रडतखडत वर चालली होती आणि दादाचा पाय पेडलवर क्वचितच जात होता. बारकी मात्र तो पायच बघत बसली. दर वेळी पेडल दाबलं गेलं की ती मनात मोजायची, किती खाली गेलं. एका वळणावर तिला वाटलं, जरा जास्तच गेलं. मग वाटलं, भास असेल. भीती एकदा मनात शिरली की तिला सगळंच दिसतं आणि काहीच नीट दिसत नाही.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबले. बायका उतरल्या, टपरीकडे गेल्या. बारकी मागे राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकले. पिवळी रेघ ठळक होती. तिच्या खाली नटाभोवती ओल होती. तिनं बोट लावलं, वास घेतला. ब्रेक ऑइल. टपटप गळत नव्हतं, नुसतं पाझरत होतं, पण धूळ चिकटून काळा ओघळ झाला होता. तिनं चिंधी गुंडाळून नट धरला आणि जीव खाऊन आवळला. तेलकट हात, वर आडवा दांडा, पकड कुठली मिळायला. किंचित हलल्यासारखा वाटला. कदाचित तिची बोटंच घसरली असतील.

"काय शोधतेस?" मागून दादाचा आवाज आला.

आणि इथे या बाईनं, जिच्या तोंडून बारा वर्षांत कामाच्या बाबतीत एक खोटा शब्द गेला नव्हता, तिनं कानातलं काढून मुठीत लपवलं आणि म्हणाली, "कानातलं पडलं."

"अरे, कानातलं पडलं हिचं," दादानं हाक दिली. झालं, चहाचे पेले ठेवून नऊ जणी आल्या. फोरमनबाई चष्मा लावून रस्त्याच्या कडेचं गवत विंचरू लागली. खिडकी धापा टाकत ओणवी झाली. दादा तर पोटावर झोपून गाडीखाली बॅटरी मारायला निघाला. एक मन म्हणालं, बघू दे त्याला, दिसू दे ओल, सुटेन मी. दुसरं मन पुढे झालं आणि बोललं, "सापडलं, सापडलं. कॉलरमध्ये अडकलं होतं."

"तुझ्या कॉलरमध्ये बस अडकली तरी कळायचं नाही," दादा म्हणाला आणि कपडे झटकत उठला. पाच मिनिटांत सगळ्यांना एवढं हसवून, एवढं शोधायला लावून, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? पहिलं खोटं बोलायला कठीण जातं. नंतरचं त्याच्या मागून आपोआप चालत येतं. तिनं ठरवलं, वर मैदानावर पोचलं की कुणाकडून तरी पाना मागायचा आणि गुपचूप पीळ द्यायचा. उतरण परतीच्या वाटेवर आहे. तोवर वेळ आहे. असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि गाडी वर चढत राहिली.

मैदान गावाच्याही वर, डोंगराचा माथा कापून केलेलं. एका बाजूला जाळीचं कुंपण आणि कुंपणाबाहेरून रस्ता, तो वळसे घेत खाली गावात उतरणारा. वारा असा की टोपी डोक्यावर राहीना. इतर संघांच्या दोन बसगाड्या उभ्या होत्या. त्यांच्या ड्रायव्हरांकडे पाना नक्की असणार, पण बारकी त्यांच्याकडे गेली नाही. ड्रायव्हर ड्रायव्हरला सांगणार, बाई पाना कशाला मागत होती म्हणून. ती मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्यानं पाण्याच्या पंपाचा एक पाना दाखवला, तो दुपटीनं मोठा.

"लहान घरी आहे," म्हातारा म्हणाला. "जेवायला जाईन तेव्हा आणतो. एवढी घाई आहे का?"

"नाही," बारकी म्हणाली. "घाई नाही."

सामना सुरू झाला. बारकीनं छातीला ढाल बांधली, नडग्यांना पट्ट्या बांधल्या, तोंडावर जाळी चढवली आणि बेसच्या मागे उकिडवी बसली. एरवी या जाळीमागे तिला फार बरं वाटायचं. आज तिला चेंडूच्या पलीकडे, फोरमनबाईच्या खांद्यावरून, कुंपणाशी उभी असलेली बस दिसत होती. तिथे सावलीत दादा पाय पसरून बसला होता आणि प्रत्येक चेंडूला वेड्यासारखा टाळ्या वाजवत होता. बारकीनं दोन सोपे चेंडू सोडले. फोरमनबाई जवळ येऊन म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" ती म्हणाली, "वारा आहे." तरीही संघ पुढे गेला. चिमणीनं एकटीनं दोन धावा पळून काढल्या.

शेवटचा डाव आला तेव्हा त्या एका धावेनं पुढे होत्या. विरुद्ध संघाच्या दोन जणी आउट झाल्या होत्या, एकच काढायची होती. समोरच्या बाईनं फटका मारला, चेंडू जमिनीवरून उसळला आणि चिमणीच्या उघड्या हातावर आदळला. तिनं चेंडू सोडला नाही, उचलून फेकलाही, पण धावणारी तिसऱ्या बेसवर पोचली आणि चिमणी खाली बसली. मधलं बोट भलतीकडेच वळलं होतं. बघूनच खिडकीला घेरी आली.

दादा धावत आला. "डॉक्टर कुठे?" त्यानं विचारलं. मैदानाचा म्हातारा म्हणाला, "खाली गावात. गाडीनं दहा मिनिटं."

"मी नेतो," दादा म्हणाला. "तुम्ही खेळ पुरा करा. खिडकी, ऊठ, तुझी पाळी."

बारकी जाळी वर करून तिथे उभी होती. "दादा, त्यांची गाडी घेऊन जा ना," ती दुसऱ्या बसकडे बोट करून म्हणाली.

"आपली असताना?"

"त्यांची मोठी आहे."

"बोट मोडलंय, हत्ती नाही न्यायचा," दादा म्हणाला. "बारके, अशी पांढरी काय पडलीस? काही होत नाही पोरीला." त्यानं जाता जाता तिच्या गालावर हलकी चापट मारली. चिमणी दातओठ खात म्हणाली, "आत्या, जिंकायचं हं." आणि अंपायरनं शिट्टी फुंकली.

आता पुढचं जे घडलं त्याला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. बारकीला विचाराल तर ती सांगेल, त्या अर्ध्या मिनिटातला प्रत्येक क्षण तिला वेगळा आठवतो.

नवी बाई बॅट घेऊन आली. पहिला चेंडू तिचा हुकला, स्ट्राइक. दुसरा, तोही स्ट्राइक. तिसरा हुकला की ती आउट. कुंपणापलीकडे बस सुरू झाली, वळली. फोरमनबाई हातात चेंडू घेऊन बारकीच्या इशाऱ्याची वाट बघत होती. कॅचरनं मांडीच्या आड बोटं दाखवायची आणि पिचरनं तसा चेंडू टाकायचा, अशी पद्धत. बारकीनं बोटं दाखवली नाहीत. तिला फक्त उभं राहायचं होतं. उभं राहून हात वर केला असता, अंपायरनं खेळ थांबवला असता, आणि कुंपण काही फार लांब नव्हतं. तिचा आवाज तर डेपोच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. दादा थांबला असता. मग त्यानं विचारलं असतं, काय झालं? आणि शंभर माणसांसमोर, फोरमनबाईसमोर, तिला सांगावं लागलं असतं.

फाटकाशी एक सायकलवाला आडवा आला. बसचे मागचे लाल दिवे लागले आणि बस थांबली. थांबली म्हणजे ब्रेक लागतायत, असं बारकीनं मनाला सांगितलं. लागतायत. इथवर आलो तेव्हाही लागत होतेच. दहा मिनिटांचा तर रस्ता. परत आले की म्हाताऱ्याचा पाना आलेला असेल.

सायकलवाला गेला. दिवे विझले. बस फाटकातून बाहेर पडली आणि उताराला लागली.

बारकीनं दोन बोटं दाखवली. चेंडू आला, बॅट हवेत फिरली, आणि चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये येऊन बसला.

जिंकल्या. आठच्या आठ जणी तिच्या अंगावर येऊन पडल्या. फोरमनबाई, जी कधी कुणाच्या खांद्याला हात लावत नसे, तिनं तिचं डोकं धरून हलवलं. खिडकी रडत होती. त्या ढिगाऱ्याखाली बारकीला श्वास घेता येईना, आणि श्वास घेता येईना म्हणूनच बहुधा ती एकदाची ओरडली, "सोडा मला. गाडी."

"कुठली गाडी?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. ढाल, पट्ट्या, जाळी सगळं अंगावर घेऊन ती पळत सुटली. लोकांना वाटलं बाई आनंदानं खुळावली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या टाळ्या ऐकत ती फाटकातून बाहेर पडली.

पहिल्या वळणावर काही नव्हतं. तिनं पळता पळता दरीकडे बघितलं, तिथेही काही नव्हतं. तिला हुंदका आला, कुणाकुणाचे उपकार मानावेत ते कळेना. दुसऱ्या वळणावर बस होती. दादानं ती दरीकडे जाऊ दिली नव्हती. डोंगराच्या कापलेल्या अंगावर घातली होती, आणि घालताना चाक असं फिरवलं होतं की खडकाला आधी त्याची स्वतःची बाजू लागावी. चिमणी रस्त्याच्या कडेला बसली होती, कपाळावर रक्त, मोडक्या बोटाचा हात दुसऱ्या हातात धरून. तिला फारसं काही झालेलं नव्हतं. ती एकटक बसकडे बघत होती.

दादा जागेवरच होता. स्टिअरिंग त्याच्या छातीत आलं होतं. बारकी फुटलेल्या काचेतून आत वाकली.

"पेडल पार तळाला गेलं गं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, वर्कशॉपमध्ये एखादा बिघाड सांगावा तसा. "काहीच लागेना."

"बोलू नको. लोक येतायत."

"पाइप तिरका बसवला असणार मी. तुझी खूण मी बघितली होती. चारही बघितल्या. माझंच चुकलं."

तो हे तिला धीर द्यायला म्हणत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. ते ऐकून बारकीच्या आत जे काही सकाळपासून दाबून धरलेलं होतं ते फुटलं. "दादा, मागचं डावं मी आवळलंच नव्हतं," ती म्हणाली. "रंग लावला आणि खेळायला गेले. मला वाटेत आठवलं. तुला सांगितलं नाही. आत्तासुद्धा सांगितलं नाही, तुला जाताना बघत होते तरी."

दादा तिच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे गेली, लेक बसली होती तिकडे.

"हळू बोल," तो म्हणाला. "पोरगी ऐकेल."

त्यानंतर तो काही बोलला नाही. माणसं आली, पहारी आणल्या, दार तोडून त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या संघाच्या मोठ्या बसमधून खाली नेलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं मनगट धरलं, आणि फार वेळ धरलं नाही.

दुपारी दवाखान्याच्या लांबट खोलीत भिंतीला लावलेल्या बाकावर बारकी बसली होती. पायांच्या पट्ट्या अजून सोडलेल्या नव्हत्या. शेजारी चिमणी, बोटाला फळी बांधलेली. इतर बायका बाहेर पायऱ्यांवर होत्या. फोरमनबाई गावातला एक मेकॅनिक घेऊन गाडी बघायला गेली होती, ती परत आली. हात काळे झाले होते. बारकीजवळ येऊन तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागच्या डाव्याचा नट सुटलाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण खूण आहे, बारके. मी डोळ्यांनी बघितली. म्हणजे तुझा पीळ होता. पाइपच तिरका बसला असणार. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकदा चुकलं, माणूसच तो. पोलिस विचारतील तेव्हा तसंच सांगू. गेलेल्याला आता कोण काय करणार? तुझ्यावर उगाच बालंट नको."

ती मनापासून बोलत होती. भाऊ गेलेल्या बाईचं आणखी काही जाऊ नये, एवढीच तिची इच्छा. बारकीनं मान खाली घातली. सोपं होतं. मानसुद्धा हलवायची गरज नव्हती, नुसतं बसून राहिलं तरी पुरलं असतं. आणि ती बसून राहिलीही.

चिमणीनं डोळे पुसले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "आत्या, तू सांगतेस, का मी सांगू?"

मग बारकीनं सांगितलं. संध्याकाळच्या हाकेपासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. कानातलं सांगितलं, म्हाताऱ्याचा पाना सांगितला, फाटकातले लाल दिवे सांगितले. बाहेरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या तरी ती थांबली नाही. खांद्यावरचा हात मध्येच कधी निघाला ते तिला कळलं नाही.